फाइट नावाचा माझा वैरी

मी एक लाकडी कंगवा. दोन दात पडलेत, म्हणून हसायचं काम नाही. आणि मी एका शब्दावर जळतो. उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू?

एका सुताराने पलंगाच्या उरलेल्या फळीतून मला कोरलं आणि आपल्या लेकीला दिलं. ती लेक आता म्हातारी झाली. तिच्या लेकीसारखं तिला मीही आईच म्हणतो. तिचे केस कमरेपर्यंत, पांढरेशुभ्र. मागच्या वर्षी तिचे हात खांद्याच्या वर जाईनासे झाले, तेव्हापासून तिची लेक रोज सकाळी मला घेऊन मागे बसायची. आई डोळे मिटून शेजारच्यांच्या चहाड्या सांगायची. माझ्यावाचून या दोघींचं पान हलत नाही, अशा तोऱ्यात मी होतो.

मग 'फाइट' आला. लेक शब्दकोशाच्या कचेरीत इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि मुळं कार्डांवर लिहिते. 'फाइट' म्हणजे भांडण, मारामारी, लढाई, हे तिने एका दिवसात लिहिलं. मूळ मात्र 'अज्ञात' लिहून मोकळी झाली. साहेबांनी कार्ड परत केलं. "नीट शोधा, बाई."

झालं! उठल्यापासून कार्ड, चहाबरोबर कार्ड. मी खिडकीत धूळ खात पडलो. काय होतं त्या मेल्यात एवढं? माझा नुसता जळफळाट.

"अगं, केस," आई म्हणायची.

"उद्या नक्की, आई."

असे तीन आठवडे गेले. केसांच्या गाठी झाल्या. मग एका सकाळी लेकीने घाईघाईत मला गाठीत खुपसून ओढलं. आई कळवळली.

"हळू की. डोकं आहे माझं, गोणपाट नाही."

"मग कापूनच टाकू या. रोजची कटकट तरी मिटेल."

एवढं बोलून लेक कचेरीला निघून गेली. केस गेले तर मी कशाला हवा?

दुपारी आईने शेजारणीला हाक मारली आणि तिच्याकडून केस कापून घेतले. मी खिडकीतून पाहत राहिलो.

संध्याकाळी लेक आली ती कार्डात डोकं घालूनच. "आई, सापडलं. 'फाइट'चं मूळ फार जुनं आहे. बहुधा लोकर उपटणं, केस विंचरणं, असा त्याचा अर्थ होता."

म्हणजे ज्याने माझी जागा बळकावली, तो माझ्याच घरचा निघाला.

"एवढ्यासाठी तीन आठवडे घालवलेस?" आई म्हणाली. "मला विचारायचंस. शाळेत जाताना रोज वेण्या घालायला बसलीस की आपली हीच लढाई व्हायची."

लेक हसत वर बघायला लागली आणि थबकली. कार्ड खाली पडलं. ती आईच्या मागे बसली, त्या आखूड केसांतून बोटं फिरवत राहिली.

"चुकले गं, आई."

"असू दे. मान हलकी झाली," आई म्हणाली, पण तिचा हात कमरेपाशी नसलेले केस चाचपत होता.

आता 'फाइट' पुस्तकात छापला गेलाय. त्याच्यावरचा राग ओसरला. पण रोज सकाळी लेक आईच्या केसांतून बोटं फिरवते, आणि मी खिडकीतून त्या दहा बोटांवर जळतो. आईच्या वयात केस सावकाश वाढतात. वाढतायत मात्र. बाबांनो, जरा लवकर वाढा, आई आहे तोवर.