पिवळ्या टी-शर्टातला चेहरा

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. नाक मुरडू नका. फ्लेक्स म्हटलं की तुम्हाला वाढदिवसाचे पुढारी आठवतात. मी त्यांतला नव्हे. पाटण्याच्या बोरिंग रोडवर, कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका बड्या क्लासच्या दारावर मी टांगलेला होतो, आणि माझ्या अंगावर एक धडधडीत खोटं छापलेलं होतं. अजूनही ते आठवलं की माझं अंग रागाने फडफडतं.

माझा जन्म झाला तो क्षण मला नीट आठवतो. छापखान्यातल्या संगणकावर त्या प्रवेशपरीक्षेत नुकत्याच चमकलेल्या एका मुलीचा फोटो उघडला होता. डोळे तल्लख, खांद्यावर मरून ओढणी. क्लासचे मालक त्रिभुवन सर मागे उभे राहून सांगत होते.

"ओढणी काढ. आपला पिवळा टी-शर्ट चढव."

"सर, ही आपल्याकडे शिकली का?" छापणाऱ्याने विचारलं.

"एकदा सराव परीक्षेला आली होती. फुकटातली परीक्षा होती ती. तेव्हाच सगळ्यांचे फोटो घेऊन ठेवले होते. म्हणजे आपलीच झाली की!"

झालं. फोटोखाली जाड अक्षरं आली, 'हिला आम्ही घडवलं', आणि त्याखाली क्लासचं नाव. मी कोरा होतो, मला काय कळणार? दारावर चढलो आणि फुगून बसलो. आईबाप माना वर करून बघत, पोरांना कोपराने ढोसत. "बघ, अशी मेहनत कर!" रिक्षावालेही पत्ता सांगताना म्हणत, "पिवळ्या पोरीपाशी उतरा." एवढं कौतुक कोणाला आवडणार नाही?

मग एके सकाळी समोरच्या क्लासवर नवा फ्लेक्स चढला. चेहरा तोच, टी-शर्ट निळा. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावर तिसरा आला. तोच चेहरा, टी-शर्ट हिरवा. एकाच पोरीला तिघांनी घडवलं म्हणे! लाज नावाची चीज या रस्त्यावर विकत तरी मिळते का, मित्रांनो?

पण माझी मान खाली गेली ती वेगळ्याच दिवशी. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या दोन बायका माझ्याखालून चालल्या होत्या. त्यातली एक थबकली आणि हरखून म्हणाली, "अगं, ही तर आमची तरन्नुम!" मग तिने खालची ओळ वाचली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"निकहत आपा, हे काय लिहिलंय?" सोबतची चिडली. "दोन वर्षं तुम्ही रोज कामावर यायच्या आधी या धाकट्या बहिणीकडून अग्रलेख वाचून घेतलात. लेखकाचं म्हणणं चार ओळींत सांगितल्याशिवाय तिला चहा दिला नाहीत. लॉ कॉलेजातली स्वतःची जागा थोडक्यात हुकली, ती तिला मिळावी म्हणून. आणि घडवलं यांनी?"

"जाऊ दे गं," निकहत आपा म्हणाली. "फोटो छान आलाय."

त्यानंतर ती रोज पलीकडच्या बाजूने जाऊ लागली. मला फाटावंसं वाटलं. पण फ्लेक्सला स्वतःहून फाटता येत नाही.

प्रवेशाचे दिवस आले. दारात गर्दी उसळली. एक वर्ग सुटत होता, दुसरा आत जात होता. बेगूसरायहून आलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन रांगेत उभे होते. एवढ्यात मरून ओढणीतली एक मुलगी थेट त्रिभुवन सरांसमोर उभी राहिली. कॉलेजातून सुटीत घरी आलेली तरन्नुम!

"सर, माझा फोटो उतरवा."

"अरे बेटा! ये, ये. मिठाई खा. तुझा तर सत्कार करायचाय."

"मी तुमच्याकडे एक दिवसही शिकले नाही."

"सराव परीक्षा दिलीस ना? तिथूनच तर सुरुवात झाली. एवढी शिकलीस, आता गुरूंशी हुज्जत घालतेस?"

तरन्नुम पोरांकडे वळली. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत आधी एक नियम देतात, मग एक घटना, आणि निकाल निवडायला सांगतात. इथली पोरं झोपेतही तेच सोडवतात.

"ऐका," ती म्हणाली. "नियम असा, की दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय त्याला न विचारता आपल्या धंद्यासाठी लाटू नये. घटना अशी, की एका मुलीला तिच्या बहिणीने शिकवलं आणि क्लासने तिचा फोटो दारावर लावला. पर्याय अ, क्लासचं बरोबर आहे. ब, मुलगी उर्मट आहे. क, फलक उतरवला पाहिजे. ड, मिठाई खाऊन गप्प बसावं."

"क!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. सवयच ती! आणि मग आपण काय बोललो ते कळून पोरं खो-खो हसत सुटली.

सरांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः माझ्या दोऱ्या तोडल्या आणि मला तिच्या पायाशी फेकलं. "घेऊन जा तुझं तोंड!"

बेगूसरायचे गृहस्थ पुढे झाले. "पोरी, तुझी बहीण आमच्या आभालाही शिकवेल का गं?"

आता मी सब्जीबाग मोहल्ल्यात, या बहिणींच्या घराच्या गच्चीवर सावलीला बांधलेला आहे, छापील बाजू खाली करून. क्लासचं नाव तरन्नुमने कात्रीने कापून टाकलं. 'हिला आम्ही घडवलं' ही ओळ तेवढी ठेवली. त्या ओळीच्या बरोबर खाली निकहत आपा बसते. समोर आभा आणि आणखी काही मुली अग्रलेख वाचत असतात आणि चहाची वाट बघत असतात.

बोरिंग रोडवर नवे फ्लेक्स लागलेत म्हणे, नवे चेहरे, तेच टी-शर्ट. मित्रांनो, त्यांच्याखाली उभे राहाल तेव्हा माना डोलावू नका. चेहऱ्यामागचं माणूस शोधा आणि त्यालाच विचारा, तुला कोणी शिकवलं? आमच्या तोंडी खोटं घालणाऱ्यांना जाब विचारा.

आणि गच्चीवर आलात तर एक करा. उन्हाने माझा डावा कोपरा उसवलाय, तिथे एक दोरी घट्ट बांधा. आता कुठे माझ्या अंगावरची ओळ खरी झाली आहे. इतक्यात मला गळून पडायचं नाही.