जोडाक्षर न मोडणारा फॉन्ट

ही गोष्ट २००३ सालची. तेव्हा मी कोर्टाजवळच्या एका खोलीत लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला होता, हातही बसला होता, पण 'दुसऱ्या'तलं जोडाक्षर दरवेळी मोडायचं. येईल त्याच्यापाशी मी हेच रडगाणं गायची.

त्या वर्षी एक मास्तरीण माझ्याकडून घटस्फोटाचा अर्ज टाइप करून घेत होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती सहा वर्षांच्या मुलीसह मावशीकडे लपून राहिली होती. पत्ता वकिलाला आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक; निरोपापुरता तो मी कॉम्प्युटरवर तिच्या फायलीत टिपून ठेवला होता.

त्याच सुमारास एक गृहस्थ कसलंसं पत्र टाइप करायला आले. भारी गोड बोलणारे. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, काकू, जोडाक्षर न मोडणारा फॉन्ट ईमेलने पाठवतो. अँटिव्हायरस नव्या फॉन्टवर उगाच ओरडतो, तेवढा बंद करा.

मी केला. फॉन्ट बसला आणि 'ऱ्या' असा देखणा उमटला की दिवसभर मी खुशीत होते. पुढे कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. एकदोनदा पडद्यावरचा बाण आपसूक सरकला. मी माउस पुसून घेतला.

शुक्रवारी भर दुपारी, मास्तरीण शाळेत असताना, तिचा नवरा मावशीच्या दारात उभा राहिला. मावशीला ढकलून त्याने मुलगी उचलून नेली.

संध्याकाळी मास्तरीण माझ्यासमोर येऊन बसली. "काकू, पत्ता तुम्ही कुणाला दिलात?"

मी शपथ घेतली. मग माझ्या धाकट्या दिरांना बोलावलं. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळायचं. तासभर खुडबुड करून ते म्हणाले, "वहिनी, या फॉन्टच्या पोटात दुसराच प्रोग्राम होता. तुमच्या सगळ्या फायली तो माणूस घरबसल्या वाचत होता. चोराला दार उघडलंत ते उघडलंत, वर राखणीचा कुत्राही बांधून ठेवलात."

कुणी हसलं नाही. मी मास्तरणीला विचारलं, तुझा नवरा दिसतो कसा?

"दिसण्याचं सोडा," ती म्हणाली. "बोलतो फार गोड."

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती पुन्हा काठीशिवाय चालली नाही. दीर आता नाहीत. नवऱ्यावरचा कॉम्प्युटरचा आरोप सिद्ध झाला नाही, कारण घाबरून मीच तो फॉन्ट त्या रात्री पुसून टाकला होता. मी टायपिंग सोडलं. मुलगी चौदा महिन्यांनी कोर्टाने परत दिली. तोवर ती आईला अहो-जाहो करायला लागली होती. अजून करते.