नकाराचं कलम

शुभाताईंनी मार्कसच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं, आणि सोफ्यावर फाइल उघडायला निघालेला ऋताचा हात तिथेच थांबला.

मार्कस दाराशी उभा होता. एक बूट पायात, दुसरा भिंतीलगत. सहा फूट चार इंचांचा माणूस एका पायावर तोल सांभाळत हातातल्या दह्याकडे पाहत होता. त्याचा डावा गुडघा किंचित थरथरत होता. त्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि स्थानिक रेडिओवर कित्येक तास चर्चा.

"काकू," तो म्हणाला, "मी कुठे चाललोय?"

गेली सहा वर्षं तो शुभाताईंना काकू म्हणत होता. ते त्यांचं नाव आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती आणि ती दुरुस्त करावी असं कोणालाही वाटलं नव्हतं.

"खा ना," शुभाताई इंग्रजीत म्हणाल्या. "साखर घातलीय."

"याआधी दोनदा दिलंत तुम्ही. एकदा मी ऑपरेशनसाठी टेक्सासला निघालो होतो. एकदा वडील गेले तेव्हा, विमानतळावर जाताना. लांब जाणाऱ्या माणसाला देतात, म्हणजे तो परत येतो, असं म्हणाला होतात." त्यानं मान वर केली. "आत्ता मी एलाला स्विमिंगहून आणायला चाललोय. सात मिनिटं लागतात."

शुभाताई चमच्याला लागलेलं दही भांड्याच्या काठावर निपटू लागल्या. एका चमच्याला लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

"आई!" ऋता म्हणाली.

"मी बोलले कुठे?" शुभाताई मराठीत म्हणाल्या. "बोलू नको म्हणालीस. एक शब्द बोलले नाही."

हे शब्दशः खरं होतं. सकाळी फोनवर ऋतानं बजावलं होतं, मार्कसला बहुतेक आज कॅलिफोर्नियाला पाठवतोय, मी सांगेपर्यंत तोंड उघडू नकोस. शुभाताईंनी उघडलं नव्हतं. घरातून माणूस बाहेरगावी निघालाय आणि हातावर दही ठेवायचं नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी जमलं नसतं.

मार्कसनं दही खाल्लं. चांगल्या घरातला होता, हातावर दिलेलं टाकलं नाही. मग त्यानं पायातला बूट काढला, फोनवर एलाच्या आईला दोन ओळी लिहिल्या आणि परत डायनिंग टेबलाशी येऊन बसला. भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते.

"बोल," तो ऋताला म्हणाला.

अमेरिकेतल्या डब्लिन गावातल्या शुभाताईंच्या या घरापासून हेरॉन्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम वीस मिनिटांवर होतं. पाच वर्षं संघ पुनर्बांधणीत होता. म्हणजे हरत होता, पण योजनाबद्ध रीतीनं. चांगले खेळाडू देऊन टाकायचे, बदल्यात कोवळी पोरं घ्यायची आणि ती मोठी होईपर्यंत प्रेक्षकांना धीर धरायला सांगायचं. ऋताचे वडील हेमचंद्र, निवृत्त हृदयतज्ज्ञ, यांना ही कल्पना पहिल्या झटक्यात समजली होती. कोथरूडमधली त्यांची सोसायटी सात वर्षांपूर्वी रिडेव्हलपमेंटला गेली होती. अजून तिथे खड्डा होता. बिल्डर दर दिवाळीला शुभेच्छांसोबत खड्ड्याचा फोटो पाठवत असे.

या पुनर्बांधणीत मार्कस बोलँड मावत नव्हता. वय छत्तीस, जागा पहिल्या बेसवर, कराराची तीन वर्षं शिल्लक, वर्षाला दोन कोटी चाळीस लाख डॉलर. क्लबच्या बैठकांमध्ये त्याचा उल्लेख आता नावानं होत नसे. 'द कॉन्ट्रॅक्ट' म्हणत. द कॉन्ट्रॅक्ट आज खेळतोय का? द कॉन्ट्रॅक्टचा गुडघा कसा आहे?

आणि तो करार क्लबच्या वतीनं ऋतानंच लिहिला होता. त्यात एक कलम होतं: मार्कसच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता येणार नाही. तेव्हा त्याचा घटस्फोट नुकताच झाला होता, मुलगी एला एक आठवडा आईकडे आणि एक त्याच्याकडे राहायची. गाव सोडलं तर त्याचा आठवडा जाणार होता. त्या कलमासाठी त्यानं वर्षाला वीस लाख डॉलर कमी घेतले होते. ऋताला तेव्हा क्लबनं शाबासकी दिली होती.

आज सकाळी जनरल मॅनेजर टॉड तिला म्हणाला होता, "तू बांधलंस, तूच सोडव. सहा वाजता खेळाडूंची अदलाबदल बंद होते. सहाला सही नसेल, तर उद्या तुझंही टेबल नसेल."

तिनं ठरवून ठेवलं होतं. जेवण, मग कॉफी, मग तीन मुद्दे. पहिला मुद्दा मार्कसच्या कारकिर्दीविषयी होता. दुसरा एलाच्या सुट्ट्यांविषयी. तिसरा तिला आता आठवत नव्हता.

"कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या संघाला तू हवायस," ती म्हणाली. "यंदा ते जिंकू शकतात. तूही जिंकशील. तेरा वर्षांत पहिल्यांदा."

"आणि तुम्हाला काय मिळतंय?"

"दोन पिचर. एकोणीस वर्षांचे."

"बरे आहेत?"

"एकाच्या कोपराचं ऑपरेशन झालंय."

"म्हणजे दीड कोपर."

"आणि तिसरा एक खेळाडू." ऋतानं फाइलीची कड सरळ केली. "त्याचं नाव मागाहून कळवणार आहेत."

इतका वेळ टेबलाच्या टोकाशी पेपर वाचत असल्याचं दाखवणाऱ्या हेमचंद्रांनी पेपर खाली घेतला.

"याचा पगार कोण देणार?" त्यांनी मराठीत विचारलं.

"बाबा, प्लीज."

"नाही, मी आपलं विचारतोय."

"अर्धा ते. अर्धा आपण."

"म्हणजे हा खेळणार तिकडे आणि पैसे देणार तुम्ही?"

"अर्धे."

"याला सुटका म्हणतात?"

"फ्लेक्सिबिलिटी म्हणतात."

हेमचंद्रांनी पेपर पुन्हा वर घेतला. "आमचा बिल्डर पण हेच म्हणतो," ते पेपरामागून म्हणाले.

मार्कसला मराठी फारसं कळत नव्हतं, पण फ्लेक्सिबिलिटी कळलं. तो हसला नाही. टेबलावर अजून मसालेभाताचं पातेलं होतं. त्याच्या काठाला चिकटलेलं एक शीत त्यानं नखानं सोडवलं.

"सहा वर्षांपूर्वी याच टेबलावर," तो म्हणाला, "काकूंनी पुरणपोळी केली होती. मी पाच खाल्ल्या. मग तू कागद काढलास."

"हो."

"आजही आधी जेवायला घातलंस."

ऋताचा फोन टेबलावर थरथरला. टॉड. तिनं उचलला आणि मागच्या दारानं गॅरेजमध्ये गेली. तिथे वडिलांची गाडी होती, बर्फ काढायची फावडी होती आणि डेट्रॉइटहून कोणीतरी दिलेली, कधीच न लावलेली गणपतीची आरास होती.

"सही?"

"बोलतोय आम्ही."

"बोलू नको, सांग त्याला. नाही म्हणालास तर तीन वर्षं बाकावर बसशील. एक चेंडू खेळायला मिळणार नाही. मुलीला शाळेत लोक विचारतील, तुझा बाप करतो काय. आणि गुडघ्याचे रिपोर्ट पेपरवाल्यांना कुठून ना कुठून मिळतातच."

"हे मी सांगू?"

"तुझं ऐकतो तो. म्हणून तर तू गेलीस." टॉडचा आवाज मवाळ झाला. "ऋता, कमॉन. तू टीम प्लेअर आहेस."

ती परत आली तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. शुभाताईंनी सगळ्यांसमोर कॉफीचे कप ठेवले होते आणि त्या स्वतः ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. नळ बंद होता. भांडी घासण्याचा आवाज मात्र त्या काढत होत्या.

ऋता बसली. तिनं फाइल उघडून संमतीपत्र मार्कससमोर ठेवलं आणि शेजारी मूळ करार. मग टॉडनं सांगितलं होतं ते सगळं, त्याच क्रमानं, एकही विशेषण न बदलता सांगितलं. बाक. तीन वर्षं. एलाची शाळा. रिपोर्ट. आवाज चढला नाही की उतरला नाही. रेल्वे स्टेशनवरची घोषणा असते तसा होता.

"एवढं मला सांगायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं."

मार्कसचा जबडा हलला. "करतील असं?"

"बाकावर बसवतील. ते त्यांना करता येतं."

"आणि तू काय सांगतेस?"

ओट्यावरची भांडी गप्प झाली. हेमचंद्रांच्या पेपराचं पान अर्धवट उलटलेलं राहिलं.

ऋतानं संमतीपत्राकडे पाहिलं. खाली आडवी रेघ होती, रेघेखाली मार्कसचं नाव छापलेलं होतं, स्पेलिंग बरोबर. एवढी एक सही. उद्या सकाळी ती नेहमीच्या जागी गाडी लावेल, नेहमीचा बॅज लावेल. तिनं कॉफीचा कप उचलला, ओठांना लावला, न पिता खाली ठेवला.

मग तिनं मूळ करार उघडून त्याच्याकडे सरकवला आणि चौदाव्या पानावर बोट ठेवलं.

"वाच."

मार्कसनं खिशातून चष्मा काढला. चष्म्यातला मार्कस टीव्हीवर कधी दिसत नसे. त्यानं हळूहळू वाचलं, ओठ हलवत.

"खेळाडूला नकार देण्याचा पूर्ण अधिकार राहील. नकाराचं कारण देणं त्याच्यावर बंधनकारक असणार नाही."

"दुसरं वाक्य मी घातलं होतं," ऋता म्हणाली. "वकील नको म्हणत होते."

"का घातलंस?"

"कारण विचारायला लागले की माणूस मऊ पडतो. समजावू लागतो. मग समजून घेतो. मग सही करतो."

मार्कसनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिनं बोट पानावरून काढलं.

"तुझं काय होईल?"

"कारण देऊ नकोस म्हटलं, तसंच विचारूही नकोस ना, यार."

यार त्याला कळलं. या घरातले बरेच शब्द त्याला कळत होते. त्यानं चष्मा मिटला, संमतीपत्र एकदा उचलून खाली ठेवलं आणि उठला. या वेळी दोन्ही बूट घालायला त्याला बराच वेळ लागला. दाराशी शुभाताई आल्या, पण त्यांचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं.

"रविवारी येतो, काकू. एलाला घेऊन."

"ये. तिला आवडतात ती थालिपीठं करते."

गाडी ड्राइव्हवेवरून मागे गेली. पाच एकेचाळीस.

ऋतानं टॉडला एकच शब्द पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. तिनं फोन पालथा ठेवला आणि आईला भांडी आणून द्यायला लागली. कोशिंबिरीचा वाडगा, पातेलं, चटणीची वाटी. सहा वाजले ते मायक्रोवेव्हच्या हिरव्या आकड्यांनी सांगितलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी हेमचंद्रांचा फोन वाजला. हेरॉन्सची बातमी आली की तो वाजावा अशी व्यवस्था त्यांनी ऋताला नोकरी लागली त्या आठवड्यात करून घेतली होती.

"क्लबचं निवेदन आहे," ते म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले. "मार्कस बोलँड संघातच राहणार असल्याचा क्लबला आनंद आहे. त्यांचा अनुभव हा आमच्या पुनर्बांधणीचा पाया आहे." त्यांनी मान हलवली. "अरे वा. पाया झाला. दुपारपर्यंत डेब्रिस होता."

ऋता वाटी पुसत होती.

"तुझंही नाव आहे. असिस्टंट जनरल मॅनेजर ऋता दाबके कुटुंबाला अधिक वेळ देता यावा यासाठी पदावरून दूर होत आहेत. क्लब त्यांच्या..." पुढचं त्यांनी मनात वाचलं.

अकरा वर्षांपूर्वी ऋतानं स्वतःच्या करारावर पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली होती. नकाराचं कलम मागावं असं तिला सुचलंसुद्धा नव्हतं. वीस मिनिटांवर राहून या घरी ती वर्षातून तीनदा यायची, त्यातली एक दिवाळी. मार्कसच जास्त यायचा.

शुभाताईंनी तिच्या हातातून वाटी घेतली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

हेमचंद्रांनी ते वाक्य पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग फोन बाजूला ठेवला.

"कुटुंबाला म्हणजे आपल्यालाच ना?"

"हो, बाबा."

"किती दिवस?"

"अजून ठरलं नाही."

"बरं," हेमचंद्र म्हणाले. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा औषधांचा डबा उचलला, दोन आठवड्यांचे पेपर उचलले, ते सगळं वाकून जमिनीवर ठेवलं आणि रिकामी झालेली खुर्ची तळहातानं पुसली.