झाकलेल्या दोन ओळी

“बाई, मेनूतली ओळ कधी पुसू नका. नको असली तर तिच्या पुढं ‘रेम’ लिहा. मशीन तिले वाचत नाई, पण ओळ जाग्यावर राह्यते.”

कम्प्युटर शिकवायला नागपूरहून आलेले खोब्रागडे सर जाताना एवढं सांगून गेले होते. साल अठ्ठ्याऐंशी. आमचं आरोग्य मंडळ धानोऱ्याकडच्या जंगलगावांत काम करायचं. देणगीत आलेल्या त्या मशीनवर बसायला मी एकटीच. सकाळी चालू केलं की काळ्या पडद्यावर पाच हिरव्या ओळी यायच्या: नवा रुग्ण, ताप, औषध, मृत्यू, पथक. आकडा दाबला की ते काम उघडायचं. एका गावात तापाचे दोन मृत्यू नोंदले की पाचव्या ओळीतून, गावात औषधं घेऊन जाणाऱ्या पथकाचा कागद छापून निघे. त्या कागदावर डॉक्टरांची सही झाली की जीप सुटे. मशीन आल्यापासून हाताच्या चिठ्ठीवर गाडी सोडणं बंद झालं होतं.

ऑगस्टात देणगीदार पाहुणे येणार म्हणून व्यवस्थापक बापूराव माझ्या टेबलाशी आले.

“शेवटच्या दोन वळी दिसू नका देऊ. पाहुण्यांले मरणाचे आकडे नको.”

“पण साहेब, मेलेलं माणूस नोंदायचं कुठं?”

“मी तुमाले खोटं लिहा म्हणून राह्यलो का? लिहूच नका. आठ दिवसांची तर गोष्ट.”

मी रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढं त्रिशरण, पंचशील घेते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. दिवसभर मनात घोळवलं आणि ठरवलं, तोंडातून खोटं निघालं नाही, हातानं लिहिलं नाही, ओळही पुसली नाही. मग शील कुठं मोडलं? दोन्ही ओळींपुढं ‘रेम’ लिहिलं. पाचाच्या तीन झाल्या.

पाहुणे आले, जेवले, फोटो काढून गेले. ओळी परत आणू का, मी विचारलं तर बापूराव म्हणाले, महिन्याची मिटिंग होऊ द्या. पुन्हा विचारलं नाही. माझा आवाज लहानपणापासून बारीक, लोक त्याला गुण म्हणतात. मृत्यूच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. मी त्या रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवत गेले, आणि पहाटे पुन्हा हात जोडत गेले.

सप्टेंबर सरता सरता जंगूभाऊ आला. मांडीपर्यंत चिखल. दारातूनच म्हणाला, “बाई, गाडी काऊन नाई आली? आमच्या गावच्या चैतूनं मागंच लिवून धाडलं.” चैतू म्हणजे मंडळाचा तिथला आरोग्यसेवक.

“कधी, भाऊ?”

“पोचू गेला त्या हप्त्यात. माहा पोरगा. त्याच्या आंधी शेजारची बाई गेली. आता सून तापली, सोमारी. दोन जिवांची आहे. नाल्याले पूर. मी पोहून आलो, तिले खाटेवर कशी आनू?”

मी ड्रॉवर उघडला. चैतूची चिठ्ठी वरून सातवी. सतरा दिवसांपूर्वीची. दोन्ही नावं होती. त्या दिवशी कागद निघता, तर सोमारी तापण्याआधी गोळ्या गावात असत्या.

मेनूची फाईल उघडली. दोन्ही ओळींपुढचं ‘रेम’ काढलं. पाचही ओळी परत आल्या. मिनिटसुद्धा लागलं नाही.

पोचूचं नाव भरलं, शेजारणीचं भरलं, पाच दाबलं. प्रिंटर करकरायला लागला तसे बापूराव आतून आले.

“कोनाले विचारून?”

“कोणालाच नाही.”

“रोज शील घेता म्हने तुमी! साहेबाशी दगा करा, हे कोन्त्या शीलात आहे?”

जंगूभाऊनं आमच्या दोघांकडं पाहिलं. “दगा? बाईनं काय केलं?”

बापूराव प्रिंटरकडं वळले. सांगणं माझ्याकडं आलं.

“भाऊ, तुमची चिठ्ठी आली होती. मी मशीनात घातली नाही. घालायची जागा मीच झाकून ठेवली होती.”

“मंजे पोचू मेला, तुमाले ठाव होतं?”

“होतं.”

तो ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. तो पायरीवर बसला, पायाचा चिखल खरवडू लागला. मग खालीच पाहत म्हणाला, “आता तरी धाडता का गाडी? नाल्यापावतर आली तरी पुढं गोळ्या मी पोहून नेतो.”

“हा कागद मी डॉक्टरांच्या हातात देईन. उशीर कोणामुळं झाला, तेही सांगीन. माझं नाव आधी.”

“द्या की,” बापूरावांनी जीपची किल्ली खिशात टाकली. “डॉक्टर शिबिरात आहेत, तीन कोसांवर. सही नाई तर गाडी नाई. जा पायी.”

मी कागद आणि सगळ्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या. मशीन बंद केलं नाही. पदर खोचला, चपला घातल्या.

जंगूभाऊ आधीच उठून शिबिराच्या रस्त्याला लागला होता. तो माझ्यासाठी थांबला नाही. मी त्याच्या मागं निघाले.