दसऱ्याच्या सकाळी मी पुसली जाणार होते

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मोताळ्यात वामनराव मास्तरांच्या घरी, भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. घरातले मला डबी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार राग आला होता. डबीत तपकीर ठेवतात, माझ्या पोटात तर भुलाबाईची, म्हणजे आमच्या भागात बायका कोजागिरीपर्यंत म्हणतात ती, गाणी होती. पण लाडाचं नाव एकदा पडलं की पडलं, आता मला त्याची सवय झाली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे कपडे घालून काम करत, कारण धुळीचा एक कणही मला चालत नाही. माझ्या आत एक गुळगुळीत चकती आहे. ती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्या अगदी जवळून, तिला न शिवता, एक बारीक टोक फिरत लिहितं आणि वाचतं. म्हणून मला धक्का सोसत नाही. हा माझा नखरा नाही, माझी घडणच तशी आहे.

मास्तरांनी मला आणलं ते एका जुन्या कामासाठी. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा मास्तर नुकतेच नोकरीला लागले होते. खामगावात कापसाच्या एका जिनिंगच्या मालकाकडे टेपरेकॉर्डर होता. मास्तरांनी आसपासच्या गावांतल्या बायकांना एसटीनं तिथे नेलं आणि त्यांची भुलाबाईची गाणी टेपच्या रिळांवर उतरवून घेतली. त्या बायकांत गोजरबाई नावाची एक तरणी सून होती. आवाज असा की जिनिंगचे हमाल दाराशी येऊन उभे राहिले होते म्हणे. पुढच्याच वर्षी ती तापानं गेली. मागे कोकिळा नावाची दोन वर्षांची मुलगी राहिली.

पन्नास वर्षांत रिळांना बुरशी लागली. बसस्टँडजवळ निवृत्तीचं झेरॉक्स आणि संगणकाचं दुकान आहे. त्यानं मोठ्या कष्टानं गाणी रिळांवरून संगणकात आणि संगणकातून माझ्यात उतरवली. ते होताहोताच रिळांचा भुगा झाला. पुढे एका श्रावणात विजेचा दाब वाढून निवृत्तीचा संगणक जळाला. तेव्हापासून ती गाणी जगात फक्त माझ्याजवळ उरली. मला याचा भारी अभिमान वाटायचा. खरं तर भीती वाटायला हवी होती.

मास्तर मला वापरून झालं की मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. दोन वर्षांत माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. दुसरी प्रत करून ठेवा, असं निवृत्तीनं दोनतीनदा सुचवलंही. पण कोजागिरीला वीस गावांच्या महिला मंडळांचा मेळावा ठरला होता आणि प्रत्येक गावाला गाण्यांची एक डिस्क द्यायची होती. मग मास्तर म्हणाले, वीस प्रती होणारच आहेत, तोवर एकीची काय घाई.

नवरात्रात वीस नव्या डिस्का आल्या. हुबेहूब माझ्यासारख्या काळ्या, एकाच कंपनीच्या. भरण्याआधी त्यांना तयार करायचं होतं. म्हणजे एकेक संगणकाला जोडायची, कंपनीनं घातलेलं सारं पुसायचं, कुठे खराबी आहे का ते तपासायचं. खंडेनवमीला मास्तरांनी बैठकीत सतरंजीवर सगळ्या डिस्का मांडल्या, हिशेबात घोळ नको म्हणून प्रत्येकीवर आकडा टाकला आणि माझ्यावर ‘मूळ’ असं लिहिलं. काळ्या रंगावर पेनाची शाई दिसेना. मास्तरांनी मग आयुष्यभर जे केलं तेच केलं, खडू घेतला.

खंडेनवमीला आमच्या भागात अवजारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. मास्तरांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी आम्हालाही त्यात धरलं. दुपारी घर निवांत असताना त्यांनी आम्हाला एकेक करून ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूच्या फुलांसकट ओळीत नीट मांडून ठेवलं. त्यांचा हात इतका मायेचा होता की खडूची अक्षरं पुसली गेली हे माझ्याही ध्यानात उशिरा आलं. आता आम्ही एकवीस जणी एकसारख्या दिसत होतो.

दसऱ्याच्या सकाळी निवृत्ती संगणक घेऊन आला. मास्तर आपट्याची पानं आणायला शेताकडे गेले होते. डिस्कांवर खडूनं काही लिहिलं होतं हे निवृत्तीला ठाऊकच नव्हतं, मूळ डबी नेहमीसारखी कपाटात असेल असं तो धरून चालला. तेवढ्यात मेहकरच्या बसनं कोकिळाबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात पिशवी, चेहरा दमलेला. त्यांच्याजवळ आईचा फोटोसुद्धा नव्हता. आईचा आवाज कसा होता हे कानांनी कळावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. कोजागिरीपर्यंत त्यांना धीर धरवला नव्हता.

निवृत्तीनं त्यांना शेजारी बसवलं आणि कामाला लागला. पहिली डिस्क जोडली, संगणकानं विचारलं, सगळं पुसू का, निवृत्तीनं बटण दाबलं. दुसरीचं तसंच. तिसरीचं तसंच. एकाच कामाचा हात बसला की डोळे पडद्यावर राहत नाहीत. सातव्या वेळी त्यानं मला उचललं.

वायर जोडली गेली आणि माझी चकती फिरू लागली. मी घाबरले होते, मित्रांनो. ओरडायला मला तोंड नाही. संगणकानं तोच प्रश्न विचारला. निवृत्ती कोकिळाबाईंना मेहकरच्या पावसापाण्याचं विचारत होता आणि त्याचं बोट बटणावर गेलं होतं.

कोकिळाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “या डबीची पट्टी निळी काऊन हाये, भाऊ? बाकीच्यांची त पांढरी होती.”

निळी पट्टी म्हणजे भरलेली डिस्क. निवृत्तीनं वळून पाहिलं. घाबरून त्यानं ‘नको’ म्हणायचं सोडून सरळ वायरच उपटली. फिरत्या चकतीची वीज अशी तोडली की माझ्या आतलं टोक जागच्या जागी अडखळतं. मला कळ आली. त्यानं पुन्हा जोडलं तेव्हा माझ्यातून नुसतं टक्‌ टक्‌ ऐकू आलं आणि पडद्यावर माझं नावही उमटलं नाही.

मास्तर पानं घेऊन आले. निवृत्तीनं झालं ते सांगितलं. अन्नपूर्णाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. “म्या पुसलं,” त्या म्हणाल्या. “म्या माह्या हातानं पुसलं.”

“तुहं काही चुकलं नाही,” मास्तर म्हणाले. “खडूनं लिहिलं म्या. अन् दोन वर्षं दुसरी प्रत केली नाही, तेही म्याच.”

निवृत्तीनं मला अर्धा तास तसंच पडू दिलं. कोकिळाबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्यांनी कुणाला दोष दिला नाही आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. मग त्यानं दुसरी वायर आणली आणि मला जोडलं. टक्‌ टक्‌ झालं, थांबलं, परत झालं. मी होती नव्हती ती ताकद लावली. तिसऱ्यांदा चकती सुरळीत फिरली आणि पडद्यावर निळी पट्टी आली.

“पहिले गोजरबाईचं घे,” मास्तर म्हणाले. ते नव्या डिस्कवर उतरलं आणि निवृत्तीनं ते लावलं.

गाणं सुरू झालं. मधेच एक तान्हं लेकरू रडू लागलं. गाणं थांबलं आणि तो आवाज अगदी जवळ येऊन बोलला, “उगी राय वं कोकिळे, आलीच म्या. आयकून राह्यली ना मायचं गानं?”

कोकिळाबाईंनी डोळे मिटले. “हाव, माय,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी गाणी नव्या डिस्कवर उतरली आणि मग माझं टोक बंद पडलं ते कायमचंच. बाकीच्या प्रती माझ्या बहिणीवरून झाल्या. कोजागिरीला वीस गावं आपापली गाणी घेऊन गेली. मी आता फिरत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. माझ्यावाचून आता कुणाचं काही अडत नाही.

मित्रांनो, माझी काळजी सगळ्यांनीच घेतली होती. मास्तरांनी जपलं, अन्नपूर्णाबाईंनी पुजलं. एवढं करूनही त्या सकाळी अर्धा तास गोजरबाई दुसऱ्यांदा गेल्यातच जमा होत्या, आणि या वेळी त्यांची लेक शेजारीच बसली होती. तुमच्या घरातही कुणाचा आवाज, कुणाचं हस्ताक्षर एकाच ठिकाणी पडलं असेल. आज उठून त्याची दुसरी प्रत करा. तसा अर्धा तास तुमच्या वाट्याला येऊ नये.