दगडावरचा जनरल

मी एक जुना टाइपरायटर आहे. मोडका नाही. किरगिझ लोकांच्या राजधानीत, बिश्केकच्या ज्ञानकोश कचेरीत, खिडकीजवळच्या कपाटावर मला ठेवले आहे आणि माझ्या डोक्यावर कोणीतरी निवडुंगाची कुंडी ठेवली आहे. ठेवू देत. मित्रांनो, कुंडीखालूनही बोलता येते.

माझा जन्म दूर पश्चिमेकडच्या एका कारखान्यात झाला. इथे आलो तेव्हा मला फक्त रशियन अक्षरे येत होती. किरगिझ भाषेची तीन अक्षरे माझ्यापाशी नव्हतीच. कचेरीतले लोक तेवढी जागा मोकळी सोडत आणि मागाहून पेनने भरत. पुष्कळ वर्षांनी इल्गिझ नावाच्या तातार मिस्त्रीने माझे तीन बिनकामाचे खिळे काढले आणि तिथे ती अक्षरे डाक देऊन बसवली.

"म्हातारपणी शाळेत घातलंय तुला," तो म्हणाला. "आता रडायचं नाही."

मी रडलो नाही. उशिरा शिकलेली ती अक्षरे मी बाकीच्यांपेक्षा जोरात उमटवतो. कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलेत तर ती हाताला लागतात.

मी नद्यांच्या नोंदी लिहिल्या, गवतांच्या लिहिल्या, घोड्यांच्या जातींच्या लिहिल्या. एका वर्षी सणाला मला लाल फीत बांधली होती. त्याच काळात एक छोटी नोंद माझ्याकडून लिहून घेतली गेली : 'मात्केरिम. घोडदळातील अधिकारी. कर्तव्यावरून पळाला.' अक्षरे माझी होती, शब्द वरून आले होते. त्याबद्दल मी मान खाली घालणार नाही.

मग राज्य बदलले. ज्ञानकोशाची नवी आवृत्ती निघाली आणि जुनी चरित्रे पुन्हा तपासायला घेतली. मात्केरिमची नोंद बुरुलकान नावाच्या संपादिकेकडे आली. त्याच्या खटल्याचा निकाल आता सर्वांना पाहायला खुला झाला होता. त्यात सरळ लिहिले होते : उपाशी कुटुंबे खिंडीतून चीनकडे निघाली होती, त्यांच्यावर गोळ्या झाडा असा कॅप्टन मात्केरिमला हुकूम होता. त्याने बंदुकांची तोंडे बर्फाकडे वळवायला लावली. मग अटक करायला येईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. पुढे त्याला गोळी घातली. म्हणजे पळणे दूरच, तो जागचा हललाही नव्हता.

मुख्य संपादक म्हणाले, "नवी नोंद लिही. पण नोंदी मंजूर करणारं मंडळ खवचट आहे. एक शब्द खोटा निघाला तर सगळी नोंदच काढून टाकतील."

नोंद काढली, तर लोकांच्या घरात उरणार होता तो जुन्या खंडातला 'पळाला'.

मात्केरिमची लेक उमसुनाय नारीनकडच्या एका गावात राहत होती. सत्तरी ओलांडलेल्या या बाईला सगळे अपा म्हणत. नवी नोंद नातलगांसमोरच लिहून वाचून दाखवावी म्हणून बुरुलकान मला पेटीत घालून तिकडे घेऊन गेली.

तिथे मेंढी कापली होती. अंगणात चादरीखाली एक उंच दगड उभा होता. घराण्यातला कर्ता माणूस शायिमबेक याने आमच्यासमोर ऐटीत चादर बाजूला केली. दगडावर कोरले होते : 'जनरल मात्केरिम'.

"बाइके, ते कॅप्टन होते," बुरुलकान म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे बाइके म्हणतात.

"होते की. पण नदीपलीकडच्यांनी मागच्या साली त्यांच्या माणसाचा दगड उभा केला. कर्नल म्हणे. जन्मभर पलटणीच्या घोड्यांना चारा घालणारा माणूस, तो कर्नल. मग आमचा कॅप्टन कसा चालेल, पोरी?"

"अनावरणाला मंडळाची माणसं येणारेत. निकालात कॅप्टन आणि दगडावर जनरल दिसला, तर म्हणतील हे लोक बढाया मारतात, गोळी न झाडल्याची गोष्टही यांनीच रचली असेल. मग नोंद जाईल."

"मग तू पण जनरल लिही. एवढं यंत्र उचलून आणलंस, एक शब्द जड होतोय होय त्याला?"

"त्याला नाही. मला होतोय."

"बघू. आधी जेव."

आमच्याकडे 'बघू, आधी जेव' याचा अर्थ नाही असा होतो.

ताटे आली. मांसाचे वाटे वयाने आणि मानाने ठरतात. वाटा परत करणे म्हणजे यजमानाची साऱ्या खोऱ्यात नाचक्की. शायिमबेकने मेंढीच्या मागच्या पुठ्ठ्याचा मानाचा तुकडा उमसुनाय अपांपुढे ठेवला.

"घ्या अपा. जनरलची लेक तुम्ही."

अपांनी ताट परत सरकवले. "जनरलची लेक कुठंय ती शोध आणि तिला वाढ."

"अपा, लोक बघताहेत."

"बघू देत. पाण्यावर, लग्नकार्यात, जाईन तिथं मला पळपुट्याची पोर म्हणायचे, तेव्हाही बघतच होते. तुझ्या बापानं तेव्हा तोंड उघडलं नाही. आणि तू आता इतकं मोठं उघडलंयस की माझा बाप त्यात सापडेना."

कोपऱ्यात कोणीतरी हसले आणि लगेच खोकले.

"आता कोरलंय ते, अपा."

"तासता येतं. माझा बाप गोळीला नाही म्हणाला. मी नुसती मटणाला नाही म्हणतेय. माझं सोपं आहे."

सर्वांत वडील माणूस जेवेना, म्हणून कोणालाच हात लावता येईना. रश्शावर चरबीची साय धरू लागली. शेवटी शायिमबेकची बायकोच दारातून म्हणाली, "अहो, त्या पाथरवटाला बोलवा. मेंढी वाया चाललीय, आणि तुमची अब्रूही."

पाथरवट आला. बाहेर छिन्नीची टकटक सुरू झाली. बुरुलकानने जेवणाच्या चादरीच्या कडेला मला उघडले, कागद चढवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले : "घोडदळातील कॅप्टन. कुटुंबांवर गोळीबार करण्याचा हुकूम पाळण्यास नकार. जागेवरच अटक."

"जागेवरच, हे दोनदा लिहिता येतं का गं?" अपांनी विचारले.

"नाही अपा. ज्ञानकोशात एकदाच."

"मग जोरात लिही."

त्या ओळीत माझी उशिरा शिकलेली तिन्ही अक्षरे होती. मी जोरात लिहिले. अपांनी कागदाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि मगच ताट पुढे ओढले.

नोंद मंडळात मंजूर झाली. पुढे कचेरीत संगणक आले आणि माझ्यावर ही कुंडी आली. माझी शाईची फीत वाळली आहे, दोन कळा अडकतात. पण त्या तिन्ही अक्षरांना काही झालेले नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. तेल घातलेत तर बरे होईल, तेवढेच. पण त्या गावी कधी गेलात तर तो दगड नीट पाहा. 'जनरल' तासून काढल्यामुळे तिथे खळगा पडला आहे आणि 'कॅप्टन' त्या खळग्यात कोरलेला आहे. तो खळगा कोणी सिमेंटने भरून गुळगुळीत करायला निघाले, तर आडवे उभे राहा. आणि माझ्या डोक्यावरची कुंडी उचलायची असेल, तर येताना कोरा कागद घेऊन या.