कोठीतली टकटक

समता वरवट बकालहून निघाली तेव्हाच तिचं पक्कं ठरलेलं होतं: रॅम वाढवायची. वर्गातला हर्षल म्हणाला होता, रॅम टाक, पळायला लागेल. आठ वर्षांचा तो लॅपटॉप सुरू व्हायलाच बारा मिनिटं घ्यायचा, मध्येच तापून बंद पडायचा. सोमवारी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच्यावर दाखवायचा होता. वर्षभराचं काम त्यातच होतं, दुसरीकडे कुठेच नाही. आणि जवळचे पैसे एकच वस्तू घेता येईल इतके.

सोबत आई होती, जनकाबाई. लॅपटॉप गावाबाहेर जायचा तर तिच्या मांडीवरूनच, असा तिचा कायदा होता.

मलकापूरला स्टेशनजवळ ओळखीच्या सहदेवभाऊंचं दुरुस्तीचं दुकान. समताने बसायच्या आत सांगून टाकलं, "भाऊ, रॅम टाकून द्या."

"काऊन?"

"म्हणजे?"

"दवाखान्यात गेल्यावर आधी गोळीचं नाव सांगते का तू? पोट दुखते का डोकं, ते सांग."

जनकाबाई पदराआड हसली. सहदेवभाऊंनी लॅपटॉप सुरू केला आणि चहा संपेपर्यंत वाट पाहिली. मग पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"हे पाय. हार्डडिस्क म्हणजे धान्याची कोठी. रॅम म्हणजे तुह्या मायची परात. कोठीतलं काढून परातीत घेतल्याबिगर काम होत नाही. आता तुही परात अर्धी रिकामी हाय. मोठी आणून काय करशील?"

समताने आकडा दोनदा वाचला. खरंच, अर्धी रॅम रिकामी होती. त्याच्या खालच्या ओळीत मात्र डिस्कपुढे लाल अक्षरांत शंभर टक्के व्यस्त.

"कोठीचं तोंड बारीक हाय, पोरी. जुनी फिरती डिस्क हे. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, टाकली त फरक पडते. पडद्याचा कोपरा तडकला, तो राहू दे, त्यानं अभ्यास अडत नाही. पण तापते कायले, ते खोलल्याशिवाय समजत नाही."

तेवढ्यात लॅपटॉपच्या आतून बारीक आवाज आला. टक. टक टक. जनकाबाईचं हसू एकदम थांबलं.

लॅपटॉप बंद करून सहदेवभाऊंनी तळाचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि खुर्ची मागे सरकवली. आतून एक काळा सोंडा निघाला, ज्वारीला लागतो तोच किडा. तो टेबलावरून सावकाश चालत गेला. मागून दुसरा.

"बाप्पा! समता, हे लॅपटॉप व्हय का पोतं?" सहदेवभाऊ म्हणाले.

पंख्याच्या पात्यांत ज्वारीची कणी घट्ट बसली होती. तिच्यात कडूलिंबाच्या पानाचा वाळका तुकडा. समताने हळूच आईकडे पाहिलं.

"म्या त चांगल्यासाठीच ठेवत होती," जनकाबाई म्हणाली. "उंदरानं वायर कुरतडली, तवापासून तू कॉलेजात गेली का कोठीत ठेवते, ज्वारीत, लिंबाचा पाला टाकून. ज्वारीत ठेवलेल्या वस्तूले काही होत नाही." तिचा आवाज खाली आला. "अन् कोठीतून टकटक ऐकू आली त मले वाटलं, सोंडे लागले. दोनदा सारी ज्वारी उन्हात घातली म्या. आता इथं ऐकली. तेच टकटक हाय."

समता मनात हिशेब लावू लागली. बंद लॅपटॉप टकटक करत नाही. पण तो बंद होताच कुठे? बारा मिनिटं वाचावीत म्हणून तिनेच तीन महिन्यांपूर्वी सेटिंग बदललं होतं. झाकण मिटलं तरी आत सगळं चालू. दिवसचे दिवस, गळ्यापर्यंत ज्वारीत.

सहदेवभाऊंनी बॅटरी अलगद बाहेर काढली. ती भाकरीसारखी फुगली होती.

"जनकाबाई, कोठी कुठं हाय घरात?"

"माह्या खाटेच्या उशाशी."

सहदेवभाऊंनी बॅटरी उचलून दाराबाहेर वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवली. परत येऊन एवढंच म्हणाले, "हे पेटली असती त?"

समताने आईचा हात धरला. तो गार पडला होता.

"टकटक म्हणजे डिस्क मरून राह्यली. आधी तिच्यातलं सामान काढू." त्यांनी डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. हिरवी पट्टी सरकू लागली. एकाहत्तर टक्क्यांवर ती अडकली. टक. टक टक. प्रकल्पाचं फोल्डर अजून यायचं होतं.

"काई बोलू नका," सहदेवभाऊ म्हणाले, जणू डिस्कला ऐकू जाईल.

बहात्तर. मग पंच्याऐंशी. मग पट्टी पूर्ण झाली. समताने फोल्डर उघडलं. गावच्या बुद्धविहारातल्या पुस्तकांची यादी, ती पुस्तकं शोधून देणारा, तिने वर्षभर लिहिलेला प्रोग्रॅम, सगळं जागेवर. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

पैसे एसएसडीला गेले. काढलेलं सगळं सामान तिच्यावर चढवलं. पंखा फुकटात झाडून मिळाला. बॅटरीशिवाय, वायरीवरच चालवायचा असं ठरलं. रॅमचं कोणी नाव काढलं नाही.

नव्या डिस्कवर लॅपटॉप वीस सेकंदांत सुरू झाला. जनकाबाईने वाकून त्याला कान लावला आणि दचकली. "समता, आवाजच नाही. मेलं का हे?"

"जिवंत हाय, आई. आता त्यात फिरती डिस्क नाही."

"मंग आता ठेवू कुठं? उंदीर हायच."

"मांजर पाळा," सहदेवभाऊ म्हणाले.

समताने तीन महिन्यांत पहिल्यांदा लॅपटॉप नीट बंद केला. दिवा विझेपर्यंत थांबली, वायर काढली, मगच तो आईच्या मांडीवर ठेवला. जनकाबाईने तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात त्याच्या तळाला लावला. बराच वेळ.

"थंड हाय," ती म्हणाली.